जागा कुणाची, निशाणी कुणाची? पालघरच्या पक्षांतराचा हिशेब

आपल्या पालघर मतदारसंघात मतदानाच्या दिवशी एक अडचण आता जुनी झाली आहे. उमेदवार ओळखीचा असतो, निशाणी मात्र आठवून बघावी लागते. राजेंद्र गावित यांचेच नाव घ्या. २००९ साली ते हाताच्या पंजावर पालघरचे आमदार झाले. २०१८ साली कमळावर खासदार झाले. २०१९ साली धनुष्यबाणावर पुन्हा खासदार. २०२४ च्या मे महिन्यात परत कमळाकडे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस धनुष्यबाण घेऊन विधानसभेला उभे. निवडूनही आले. मधल्या काळात शिवसेना फुटली तेव्हा या गटातून त्या गटात गेले ते वेगळेच. काँग्रेस सोडल्यापासूनची ये-जा मोजायला बसलात तर एका हाताची पाचही बोटे लागतात.

केळव्याच्या नाक्यावर किंवा बोईसर स्टेशनबाहेर हा विषय निघाला की लोक हसतात. "साहेब सध्या कुठे?" असे विचारून चहा पितात आणि कामाला लागतात. पण हा विषय तेवढ्यावर सोडण्यासारखा नाही. मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून काम करतो. सरकारी नोकराने कुणाचा प्रचार करू नये असा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. गावित चांगले की वाईट, हे सांगणे माझे काम नाही. ते मतदारांनी अनेकदा मतपेटीतून सांगितले आहे. मला बोलायचे आहे ते कागदाबद्दल. नेता पक्ष बदलतो तेव्हा तुमच्या खारबंधाऱ्याचा, शेतरस्त्याचा, पाणीयोजनेचा कागद कुठे जातो? या प्रश्नाकडे येण्याआधी झाले काय ते नीट बघू, कारण आपल्याकडे प्रत्येकाला त्यातले अर्धेच आठवते.

५१५ मतांपासून

गावित मूळचे नंदुरबारकडचे, राजकारण मात्र सगळे पालघरचे. २००९ ला काँग्रेसचे आमदार, मग पृथ्वीराज चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात आदिवासी विकास खात्याचे राज्यमंत्री. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ते सत्तेत होते. दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. त्यात शिवसेनेच्या कृष्णा घोडा यांनी त्यांना हरवले. किती मतांनी? ५१५. एका मतदान केंद्राच्या यादीत याहून जास्त नावे असतात. हे घोडा एके काळी राष्ट्रवादी काँग्रेसकडून डहाणूचे आमदार होते, म्हणजे पक्ष बदललेल्याने पक्ष न बदललेल्याला पाडले. मे २०१५ मध्ये घोडा यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०१६ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अमित घोडा शिवसेनेकडून उभे राहिले आणि गावित सुमारे १९ हजार मतांनी पुन्हा पडले. तेव्हाही ते काँग्रेसमध्येच होते. एकाच पक्षात राहून दोनदा पराभव, हा धडा त्यांनी कसा घेतला ते पुढे दिसते.

३० जानेवारी २०१८ रोजी खासदार चिंतामण वनगा यांचे दिल्लीत निधन झाले. वनगा म्हणजे या भागातले भाजपचे जुने घर. १९९६ आणि १९९९ साली डहाणूतून, २०१४ साली पालघरमधून खासदार, मध्ये २००९ ला विक्रमगडचे आमदार. पोटनिवडणूक लागली तेव्हा हे कुटुंब भाजपवर नाराज होऊन शिवसेनेत गेले आणि श्रीनिवास वनगा धनुष्यबाणावर उभे राहिले. काँग्रेसने जुने खासदार दामू शिंगडा यांना तिकीट दिले. म्हणजे गावितांना काँग्रेसमध्ये जागा उरली नाही आणि भाजपला उमेदवार उरला नाही. दोघांची गरज जुळली. मे महिन्यात गावित भाजपमध्ये गेले, लगेच तिकीट मिळाले, आणि ३१ मे रोजी निकाल लागला तेव्हा ते खासदार होते. भाजपच्या खासदाराचा मुलगा शिवसेनेचा उमेदवार आणि काँग्रेसचा माजी मंत्री भाजपचा उमेदवार, अशी ती लढत झाली.

आकडे बघा. गावित २,७२,७८२, वनगा २,४३,२१०, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव २,२२,८३८, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे किरण गहला ७१,८८७ आणि शिंगडा ४७,७१४. फरक २९,५७२. झालेल्या मतांपैकी तिसरा हिस्साही विजयी उमेदवाराला मिळाला नव्हता.

त्या निवडणुकीत भाजप आणि शिवसेना राज्यात एकत्र सरकार चालवत होते आणि पालघरमध्ये एकमेकांचे कपडे फाडत होते. मोठे नेते येऊन भाषणे करून गेले. गावात राहिले कोण? गावातलेच. एकाच आळीत दोन झेंडे लागले, भावकीत बोलणे बंद झाले. वर्षही पुरे व्हायच्या आत, फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही पक्षांची युती झाली. पालघरची लोकसभेची जागा शिवसेनेला सुटली आणि भाजपचे खासदार गावित त्या जागेबरोबर शिवसेनेत गेले. जागा उमेदवारासकट दिली, असा प्रकार महाराष्ट्राने फारसा बघितला नव्हता. मे २०१८ मध्ये ज्यांनी धनुष्यबाणासाठी गावितांविरुद्ध पायाला भिंगरी लावली, त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये धनुष्यबाणासाठी गावितांची पत्रके वाटली. सांगा, शेजाऱ्याशी झालेले भांडण इतक्या लवकर मिटते का?

वनगांचे काय झाले

या हकिगतीत गावितांइतकीच श्रीनिवास वनगांची बाजू बघण्यासारखी आहे. २०१८ ला ते गावितांकडून हरले. २०१९ ला लोकसभेचा दावा गावितांसाठी सोडावा लागला आणि त्या बदल्यात पालघर विधानसभेचे तिकीट मिळाले. ते सुमारे ४० हजारांच्या फरकाने निवडून आले. हरवणारा आणि हरलेला आता एकाच पक्षाचे खासदार आणि आमदार झाले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केले तेव्हा वनगा त्यांच्याबरोबर गुवाहाटीला गेले. पुढच्या महिन्यात गावितही शिंदे गटाच्या बारा खासदारांत दिसले. पुढे २०२४ आले. लोकसभेची पालघरची जागा भाजपने घेतली आणि माजी आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा यांना दिली. गावित खासदार असून तिकिटाविना राहिले. ते भाजपमध्ये परतले, सवरा १,८३,३०६ मतांनी निवडून आले. विधानसभेच्या वेळी पालघरची जागा शिंदे यांच्या शिवसेनेकडे होती, म्हणून गावित पुन्हा शिवसेनेत आले आणि तिकीट घेतले. ते तिकीट होते वनगांचे.

वनगा दूरदर्शन वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर रडले, आपली फसवणूक झाली असे म्हणाले, उद्धव ठाकरे यांना सोडल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर ते दिवसभराहून जास्त वेळ कुणाच्याच संपर्कात नव्हते. तो प्रसंग बघून बऱ्याच लोकांना वाईट वाटले आणि ते साहजिकच होते. एकाच माणसामुळे तीन वेळा मागे सरकावे लागणे, तेही दोनदा स्वतःच्या पक्षात राहून, सोपे नाही. गावितांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये १,१२,८९४ मते घेतली, ठाकरे यांच्या शिवसेनेचे जयेंद्र दुबळा यांना ७२,५५७ मिळाली. फरक ४०,३३७.

एकट्या गावितांवर बोट ठेवणेही बरोबर नाही. बोईसरचे विलास तरे २००९ आणि २०१४ ला बहुजन विकास आघाडीचे आमदार होते. २०१९ ला शिवसेनेकडून लढून पडले, २०२४ ला शिंदे यांच्या शिवसेनेकडून लढून जिंकले. अमित घोडा यांना २०१९ ला तिकीट मिळाले नाही तेव्हा ते राष्ट्रवादीत गेले आणि काही दिवसांत शिवसेनेत परतले. पक्षांतर हा आपल्या भागाचा रोग आहे असेही नाही. 'आयाराम गयाराम' हा शब्द आला तो हरियाणातून. तिथले आमदार गयालाल यांनी १९६७ साली पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. इंग्लंडचे विन्स्टन चर्चिल १९०४ साली हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांत गेले आणि वीस वर्षांनी परत हुजूर पक्षात आले. पुढे पंतप्रधान झाले. वीस वर्षे थांबले, एवढा फरक म्हणावा.

मते माणसाची की पक्षाची?

आता थोडे गणित. २०१४ ला काँग्रेसच्या चिन्हावर पालघर विधानसभेत गावितांना ४५,६२७ मते होती. २०१६ ला ४८ हजारांच्या आसपास. त्याच मतदारसंघात २०२४ ला एक लाख तेरा हजारांच्या घरात. यातली स्वतःची किती आणि पक्षांची किती? मतदार वाढले हे धरले तरी दुपटीहून जास्त वाढ माणसाच्या ओळखीने होत नाही. युतीने होते. लोकसभेचेही तेच. २०१८ ला भाजप आणि शिवसेनेची मते मिळवली तर ५,१५,९९२ होतात. २०१९ ला युती झाल्यावर गावितांना ५,८०,४७९ मिळाली. दुसऱ्या बाजूला जाधव, गहला आणि शिंगडा यांची २०१८ ची बेरीज ३,४२,४३९ होती. २०१९ ला ते सगळे जाधवांच्या मागे एक झाले तेव्हा जाधव ४,९१,५९६ वर गेले. मतांचे गठ्ठे पक्षांचे आहेत, उमेदवार त्यांच्यावर येऊन बसतो. पानवेल कुठल्या आधारावर चढवायची हे मळेवाला ठरवतो, वेल ठरवत नाही.

आपल्याकडे हा मळेवाला मुंबईत बसतो. माझ्या मते पालघरच्या पक्षांतराचे खरे मूळ नेत्याच्या स्वभावात कमी आणि जागावाटपात जास्त आहे. लोकसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. तिच्याखालच्या सहा विधानसभा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चारही राखीव. राखीव जागा असाव्यात की नको हा वादच नाही, त्या हव्यातच. पण प्रत्येक पक्षाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत या जागांसाठी नवी माणसे किती तयार केली? तीच घराणी, तीच पाच-सात नावे. शिंगडा, वनगा, सवरा, घोडा, गावित. पक्षाकडे जागा येते तेव्हा माणूस नसतो, माणूस असतो तेव्हा जागा दुसऱ्याकडे गेलेली असते. मग माणूस जागेकडे चालत जातो. जव्हार-मोखाड्यात, तलासरीत शिकलेली, जिल्हा परिषदेत चांगले काम केलेली मुले-मुली आहेत. त्यांना तिकीट देण्यापेक्षा दुसऱ्या पक्षातला तयार उमेदवार आणणे पक्षांना सोपे वाटते. तयार रोप विकत आणावे तसे. रोपवाटिका घालायची मेहनत कोण करणार!

कायदा कुठे लागतो, कुठे लागत नाही

"पक्षांतरबंदी कायदा आहे ना?" असे सरपंच मंडळी हमखास विचारतात. आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर फूट मान्य होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट काढली. आता दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे लागते. पण हा कायदा सभागृहात बसलेल्या सदस्याला लागतो. २०१८ ला गावित कुठल्याही सभागृहात नव्हते, त्यांना तो लागलाच नाही. २०१९ आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपतच आली होती. सभागृह उठायच्या वेळेस कोण तक्रार करतो आणि कोण निकाल देतो! २०२२ च्या फुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी निकाल दिला आणि त्यात एकही आमदार अपात्र झाला नाही. दीड वर्षात उरलेली बरीचशी मुदत संपून गेली होती.

गावपातळीचे मात्र वेगळे आहे, आणि ते आपल्या सदस्यांना माहीत असायला हवे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगर परिषदेच्या सदस्यांना १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम लागतो. तिथे तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. ग्रामपंचायतीत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते. त्यामुळे सरपंच सकाळी एका नेत्याचा सत्कार करून संध्याकाळी दुसऱ्याचा केला तरी त्याचे पद जात नाही. ही सवलत आहे. ती गावासाठी वापरायची की नेत्यासाठी, हे सरपंचाच्या हातात असते.

गावाचे काम कुठे अडकते

आता मुद्द्याकडे येतो. जानेवारी २०२२ मध्ये केळवे रोडजवळच्या झांझरोळी धरणाला गळती लागली. केळवे-माहीम पट्ट्याच्या पाण्याचे ते धरण. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते, मुख्यमंत्री शिवसेनेचे, खासदार शिवसेनेचे, आमदारही शिवसेनेचे. कागदावर याहून सोयीची जुळणी नाही. सहा महिन्यांनी सरकार गेले, पक्ष फुटला, खासदार आणि आमदार दोघेही दुसऱ्या बाजूला गेले. माणसे तीच राहिली. मग काही अडू नये असे आपल्याला वाटते. पण नव्या सरकारने जुलै २०२२ मध्ये आधीच्या सरकारच्या काळात मंजूर झालेल्या आणि प्रत्यक्ष सुरू न झालेल्या पुष्कळ कामांना राज्यभर स्थगिती दिली. ज्या गावांचे काम चालू झाले होते त्यांना झळ कमी बसली. ज्यांचे मंजुरीचे पत्र नुसते फाइलीत होते, त्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले. नेता सत्तेच्या बाजूला असो नाहीतर विरोधात, गावाने हा फरक ओळखला पाहिजे.

दुसरे उदाहरण वाढवण बंदराचे. केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी दिली तेव्हा त्याचा खर्च ६५ हजार कोटींच्या वर होता. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींना मंजुरी दिली. मधल्या काळात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली. एकसंध शिवसेनेने मच्छीमारांच्या बाजूने विरोधाची भूमिका घेतली होती. भाजप बंदराच्या बाजूने होता. शिंदे यांचे सरकार तर पायाभरणीच्या मंचावरच होते. आता विचार करा, या चार-साडेचार वर्षांत आपल्या खासदारांचा आणि आमदारांचा पक्ष कोणता होता आणि त्या पक्षाची बंदराबद्दल भूमिका काय होती? सातपाटीचा, केळव्याचा, डहाणूचा मच्छीमार कुणाला जाब विचारणार? बंदर व्हावे की नको यावर आपल्यात दोन मते आहेत, कुणाला रोजगार दिसतो, कुणाला मासळीचे पट्टे जाताना दिसतात. पण ज्याला मत दिले त्याने पाच वर्षे एका भूमिकेवर उभे राहावे, एवढे तरी दोन्ही बाजूंना हवे असते. पक्षांतराचा तोटा इथे होतो. जाहीरनामा पक्षाचा असतो, तो नेत्याबरोबर चालत जात नाही.

नेत्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सत्तेच्या बाजूला असलेला प्रतिनिधी कामे आणतो, विरोधात बसलेल्याची पत्रे पडून राहतात, हा अनुभव लोकांना आहे. "विकासासाठी गेलो" हे वाक्य ऐकून आपण हसतो, पण आपणच पुढाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो "निधी किती आणला?" असा. ही मागणी आपली आहे. तिला धरूनच तो चालतो.

तर कागद कुठपर्यंत न्यावा?

खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. आमदार निधीचेही तसेच. जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो. म्हणून नारळ फुटला, फलक लागला, फोटो आला याला काम मंजूर होणे समजू नये. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी चार कागद स्वतःच्या कपाटात ठेवावेत. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रकासह तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यतेचा आदेश आणि कार्यारंभ आदेश. पहिल्या कागदावर काम गावाचे होते. दुसऱ्या-तिसऱ्यावर ते सरकारचे होते. चौथा हातात आला की मगच ते पुढाऱ्याच्या ये-जा करण्यातून बऱ्यापैकी सुटते. ठराव कुणाच्या नावाने करू नका. "मा. खासदार साहेबांच्या सूचनेनुसार" असे लिहिलेले ठराव मी पाहतो. साहेब तिकडे गेले की इकडच्या साहेबाला तो ठराव नकोसा होतो. कामाचे नाव, गट नंबर, लांबी-रुंदी आणि किती खातेदारांना उपयोग, एवढे लिहा.

आपल्या पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याने ग्रामसभेचे जादा अधिकार आहेत आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. वित्त आयोगाचा निधीही थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. या पैशाला कुठल्या पक्षाची चिठ्ठी लागत नाही. तरी विकास आराखड्याच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही आणि पुढाऱ्याच्या सभेला टेम्पो भरून जातात.

नुकसानीचे पंचनामे हे याचे चांगले उदाहरण. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या वाड्यांना झोडपले. चिकू, केळी, आंबा, नारळ-सुपारी आडवी झाली. अशा वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा असतो. आता या तिघांची नावे सरकारने बदलली आहेत. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी म्हणायचे. नावे नवी, चपला झिजवायच्या त्याच. नुकसानभरपाई निकषाने ठरते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे का, नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त आहे का, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बघितले जाते. पुढाऱ्याचा फोन आला म्हणून ई-पीक पाहणीत नसलेली सुपारी नोंदीत येत नाही. फोन करण्यात जो दिवस जातो तोच पीक पाहणी करण्यात घालवला असता तर बरे, असे आम्हा खात्यातल्या लोकांना दरवेळी वाटते.

कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. पुढाऱ्याला पक्ष बदलायला एक पत्रकार परिषद पुरते. तुम्हाला त्यासाठी आळीत तोंड चुकवावे लागते. २०१८ ला भांडलेली माणसे २०१९ ला एका गाडीत बसली ती नेत्यांच्या सांगण्यावरून. गावातली विविध कार्यकारी सोसायटी, मच्छीमार सोसायटी, महिला बचत गट यांना मात्र असे सांगून पुन्हा एकत्र बसवता येत नाही. कर्जाच्या यादीवर सही करायला कोरम लागतो, डिझेलचा कोटा वाटायला पंच लागतात. लोकसभेच्या पोटनिवडणुकीतले वैर सोसायटीच्या सभेत आणले तर खत वेळेवर येत नाही, हे कुठल्याही सचिवाला विचारा.

एखादे काम कुठे अडले आहे हे कळायला नेत्याच्या कार्यालयात जाण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज, १० रुपये शुल्क, आणि ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. अर्जात एवढेच विचारा: अमुक कामाला प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला मिळाली, निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे, कार्यारंभ आदेश निघाला का, स्थगिती असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी. तालुक्याच्या कामांसाठी पंचायत समितीत, बंधाऱ्यांसाठी लघुपाटबंधारे किंवा खारभूमी विभागात, खासदार निधीसाठी जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे हा अर्ज जातो. उत्तर आले की त्याची एक प्रत पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा आहेत. प्रतिनिधी कुणीही असोत, कुठल्याही पक्षात असोत, त्या सभेचे लेखी निमंत्रण त्यांना द्यावे आणि ते दिल्याची पोच जपून ठेवावी.